रविवारी अकराचं पाणी

टीव्हीवरचा कार्यक्रम आधी तोलून-मापून मगच घरात घेणारा माणूस सबंध हैदराबादेत एकच होता, आणि आमच्या नशिबाने म्हणा की कर्माने म्हणा, तो आमचा घरमालक होता. बाकीचं शहर त्या दिवसांत केबलच्या काळ्या वायरीतून जे येईल ते पोटभर पाहत होतं. विद्यानगरच्या आमच्या गल्लीत गच्च्यांवरून, झाडांवरून, वाळत घातलेल्या लुगड्यांच्या मधून त्या वायरी नुसत्या पसरल्या होत्या. परदेशी चॉकलेटं कोपऱ्यावरच्या दुकानात आली होती, परदेशी पेयं आली होती, परदेशी मालिका आल्या होत्या, आणि कुणी कुणाला अडवत नव्हतं. फक्त आमच्या घराच्या फाटकाशी आल्यावर त्या सगळ्या प्रगतीला थांबावं लागे, कारण आत काका बसलेले असत.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. खातं सुटलं, पण निरीक्षण सुटलं नाही. कुडत्याच्या उजव्या खिशात रुमालात गुंडाळलेलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन कायम असे. ते घेऊन बेगम बाजारात शिरले की मसाल्याच्या दुकानांत एकदम शांतता पसरे आणि तराजूपाशी विसावलेले हात आपोआप मागे जात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी एक हळदीचा व्यापारी त्यांना पाहिल्यावर उठून उभा राहायचा आणि "साब, चेक कर लो" म्हणून स्वतःच वजनं पुढे करायचा. हे वजनं तपासत आणि मग पाव किलोच हळद घेत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण हातात आला की तो तळहातावर दोनदा हलवून "शंभराला थोडा कमी आहे," असं म्हणायचे आणि मग भक्तिभावाने डोळ्यांना लावायचे. शिंप्याची टेप, दूधवाल्याचं माप, शेजाऱ्याच्या भिंतीची उंची, सगळ्यावर त्यांची नजर. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी हे खाली बघत होते. मला वाटलं, लाजायलेत. नंतर कळलं, मोजायले होते. सातवं पाऊल अर्धंच पडलं म्हणतात अजून." त्यावर काका गंभीरपणे सांगत, "अर्धंच पडलं. भटजी घाईत होता. मी त्याच दिवशी संध्याकाळी पुरं करून घेतलं."

त्यांची भाषा ऐकायला मी पुण्याहून मुद्दाम तिकीट काढून आले असते. घरात मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू, दम द्यायला इंग्रजी, आणि लिहायला मात्र उर्दू. निजामाच्या राज्यात शाळा शिकल्यामुळे त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी वाचताना ते एकेक अक्षर तोलून घ्यायचे आणि लिहायची वेळ आली तर खडूने, पोळपाटाएवढी अक्षरं काढायचे. पण वही उघडली की उजवीकडून डावीकडे लेखणी सुसाट. त्या वहीत ते काय लिहितात हे घरात कुणालाच वाचता येत नसे. "सरकारी कागद असाच पाहिजे," ते म्हणत. "लिहिणाऱ्याला कळावा आणि बाकीच्यांनी भ्यावं."

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. वडिलांना इथल्या एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती. काकांना त्या कंपनीबद्दल फार आदर होता, कारण तिथे बूट काढून आत जावं लागतं असं वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. "म्हणजे देऊळच की!" ते म्हणाले. मला मात्र त्या देवळाचा मनस्वी राग होता. त्याच्यापायी माझं पुणं सुटलं होतं, आणि पुण्याबरोबर ती मैत्रीण सुटली होती, जिच्या शेजारी मी पहिलीपासून एका बाकावर बसत आले होते. इथल्या शाळेत मला तेलुगू येत नव्हतं, आणि माझं हिंदी ऐकून मुली हसायच्या, कारण मी "नहीं" म्हणायचे आणि त्या "नक्को" म्हणायच्या. डब्याच्या सुट्टीत मी टाकीच्या कट्ट्यावर एकटी बसून पोळी-भाजी खायची. घरी आईने विचारलं की सांगायची, खूप मैत्रिणी झाल्यात.

डब्याच्या सुट्टीत मुली बोलत ते सगळं एका मालिकेबद्दल. अमेरिकेतल्या एका शाळेत शिकणारी सोळा वर्षांची मुलगी, ती खरं म्हणजे दुसऱ्या ग्रहावरची असते. तिच्या ग्रहाकडे जायचा रस्ता बंद झालेला असतो, म्हणून ती एका कुटुंबात लांबची नातेवाईक बनून राहते, आणि ती फार अस्वस्थ झाली की आसपासचे दिवे जातात. दर शनिवारी दुपारी नवा भाग आणि रविवारी अकराला तोच पुन्हा. सोमवारी ज्या मुलीने तो पाहिलेला नसेल तिने त्या घोळक्यात जाऊन काय करायचं? आमच्याकडे टीव्ही नव्हता. केबलचा टीव्ही खाली काकांकडे. त्यामुळे मला मैत्रिणी मिळणार की मी वर्षभर त्या टाकीशी पोळी खात बसणार, हा सगळा निकाल वजनमापे खात्याच्या हातात गेला.

मी अर्ज केला. तोंडीच, पण अर्जच. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी दुसऱ्या ग्रहावरची. बरं. कपडे कोणत्या ग्रहाचे घालती?" मी म्हटलं, अमेरिकेचेच. "हां," ते म्हणाले, "मग तपासावं लागतं."

त्यांची तपासायची रीत जगावेगळी होती. शनिवारी दुपारी खालच्या दिवाणखान्याचं दार आतून बंद व्हायचं. काका खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसायचे, मांडीवर वही घ्यायचे, आणि आवाज पूर्ण बंद करायचे. एक अक्षरही न ऐकता ते सबंध भाग पाहायचे. आईला वाटलं, अमेरिकन इंग्रजी कळत नाही म्हणून असेल. तिने तसं विचारलं तेव्हा काका दुखावले. "बाई, तीस वर्षं दुकानं तपासली मी. दुकानदाराच्या तोंडाकडं कधी बघू नये. तोंड गोडच बोलतं. काट्याकडं बघायचं. आवाज बंद केला की माणसाची नियत दिसती." आम्ही पोरं, म्हणजे मी आणि शेजारच्या बिऱ्हाडातली लावण्या आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ चिन्ना, जिन्यात बसून दाराच्या फटीतून येणारा निळा उजेड पाहायचो. पहिल्याच शनिवारी मध्येच वीज गेली. काका दार उघडून बाहेर आले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "त्या पोरीच्या घरची गेली का आपली?" तेव्हापासून विद्यानगरात वीज गेली की चिन्ना विचारायचा, कोण अस्वस्थ झालंय म्हणून.

दोन आठवडे निकाल लागेना. जिन्यात भेटले की मी आशेने पाहायची आणि काका हात वर करायचे. "सबर कर, पुणेवाली. नमुना घेतलाय. अहवाल व्हायलाय." तिकडे शाळेत मुली दोन भाग पुढे गेल्या होत्या. शेवटी तिसऱ्या शनिवारी त्यांनी आम्हां सगळ्यांना, आईसकट, खाली बोलावलं आणि वही उघडून त्यातलं मराठीत सांगायला सुरुवात केली. मारामारी, बेताची. कपडे, थंडी वाजेल असे, पण चालतील. शाळेतल्या प्रयोगशाळेतला तराजू दोन्ही वेळा एका बाजूला कललेला, हे मात्र गंभीर आहे. "आणि त्या घरात कुणी बसून जेवतच नाही, बाई. सगळे उभ्यानं खायलेत. फ्रिज उघडतात, खातात, जातात. नवीन आलेल्या पोरीला पाटावर बसवून कुणी दोन घास वाढंना. घर कसं लागायचं तिला?" आईने घाबरत घाबरत विचारलं, "पण ते परग्रहावरचं वगैरे... मुलांच्या मनावर काही परिणाम?" काकांनी चष्मा काढला. "त्याला हरकत नाही. माणसं कुठून कुठून येतात. आमचे वडील लातूरकडून आले, तुम्ही पुण्याहून आलात. हरकत एवढीच, की आली तर सांगावं की, आली म्हणून. लपवायचं काय त्याच्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातल्या पाटीवर खडूने दोन ओळी होत्या. 'चालेल. देखरेखीत.' त्या पोळपाटाएवढ्या अक्षरांकडे पाहताना मला जो आनंद झाला, तसा पुढे दहावीच्या निकालानेही झाला नाही.

देखरेख म्हणजे पाणी. ही पद्धत आमच्याही आधीपासूनची. पडद्यावर घरच्यांनी मिळून पाहू नये असं काही यायला लागलं, की काका चॅनेल बदलत नसत. "बदललं की पोरांना तेच बघावंसं वाटतं," त्यांचं म्हणणं. ते फक्त मोठ्याने म्हणायचे, "पाणी!" त्यासरशी सगळ्यांनी उठून स्वयंपाकघरात जायचं, काकूंच्या हातचं पेलाभर पाणी प्यायचं आणि परत यायचं. नुसतं पाणी कुणाला देऊ नये म्हणून काकू बरोबर गुळाचा खडा द्यायच्या. सिनेमाची गाणी लागली की आम्ही उंटासारखे पाणी पिऊन यायचो. लावण्याची आई म्हणे, या घरात पोरांना उन्हाळा कधी बाधणार नाही.

रविवारच्या त्या मालिकेला काका आवाज सुरू ठेवत, पण स्वतः टीव्हीकडे बघत नसत. खुर्ची भिंतीला लावून आडवी, तोंड आमच्याकडे. माल शनिवारी तपासून झाला होता, आता गिऱ्हाईक बघायचं. पहिल्याच रविवारी घात झाला. ती मुलगी रात्री त्या परक्या घराच्या छतावर जाऊन बसते आणि आईने दिलेला एक छोटा दगड कानाला लावते. त्यातून तिच्या ग्रहावरचा आवाज यायचा असतो, तो येत नाही. एवढंच. त्यात रडण्यासारखं काय होतं ते देव जाणे, पण माझ्या डोळ्यांतून घळघळा धारा लागल्या. चिन्ना ओरडला, "अक्का एडुस्तोंदि!" म्हणजे अक्का रडतेय. लावण्या वळली, आई वळली. मी कुसळ गेलं, धूळ गेली असं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात काका कडाडले, "पाणी!" आम्ही उठलो. कानाला दगड लावण्यात अश्लील ते काय, हे कुणालाच कळलं नाही, पण पाणी म्हणजे पाणी. मी पाणी पिता पिता तोंडही धुऊन घेतलं आणि मनात म्हटलं, सुटले. चौदा वर्षांच्या अकलेने मी असाही निष्कर्ष काढला, की त्या छतावर पुढे नक्की कुणीतरी मुलगा येणार असणार.

त्यानंतर पाण्याला सुमार राहिला नाही. दर रविवारी तीनदा, चारदा. त्यातही काकू मला सोडायच्याच नाहीत. लावण्या आणि चिन्ना गूळ तोंडात टाकून पळत परत जायचे, आणि मला काकू म्हणायच्या, "बस गं पोरी जरा. घाई काय आहे? एवढा पुदिना निवडून दे." पुदिना निवडून होईपर्यंत कथा कुठच्या कुठे गेलेली असे. आणि गंमत अशी, की एका भागात त्या मुलीच्या वर्गातल्या मुलाने भर रस्त्यात तिचा हात धरला, चांगलं अर्धं मिनिट धरून ठेवला. आई खोकली. आम्ही सगळे अर्धवट उठून उभे राहिलो, काकांच्या तोंडाकडे पाहत. काका ढिम्म. "बसा, बसा," म्हणाले, "कायकू उठायलेत?" आईला त्या दिवसापासून त्यांच्या तपासणीबद्दल शंका यायला लागली. "यांचा काटा कुठेतरी अडकतोय," ती वडिलांना म्हणाली. वडील तेव्हा त्यांच्या देवळातून नुकतेच दमून आले होते, त्यांनी नुसतं हं केलं.

शाळेत माझी पंचाईत झाली. घोळक्यात जायला मालिका पाहिली होती खरी, पण ती भोकाभोकांची. फरहाना म्हणून त्या घोळक्याची पुढारी होती. एका सोमवारी तिने मला काहीतरी विचारलं आणि मी ते भोक मनानेच बुजवून टाकलं. तिने डबा खाली ठेवला. "ऐसा कुछ बी नै हुआ. तू देखीच नै." मग मला खरं सांगावं लागलं. आमचे घरमालक, त्यांचं पितळी वजन, आवाज बंद करून पाहणं, पाटी, आणि मग पाणी. मी सांगत गेले आणि मुली हसत गेल्या. त्या माझ्या हिंदीला हसत नव्हत्या, हे मला थोड्या वेळाने समजलं. फरहानाच्या नाकातून पाणी आलं. ती सरकली आणि तिच्या शेजारी वीतभर जागा झाली. त्या वीतभर जागेचं वजन करायला काकांकडेही माप नसेल. त्या दिवसापासून दर सोमवारी मला पहिला प्रश्न एकच असे, "कल कित्ते बार पानी हुआ?"

मी मात्र त्यांना एक गोष्ट खोदून खोदून विचारायची, की आम्ही आत असताना पडद्यावर काय झालं. फरहाना म्हणे, "कुछ नै. वो छत पे बैठी थी." दुसऱ्या वेळी, "कुछ नै. अम्मी का फोटू देख रै थी." मला वाटे, झालेलं इतकं भयंकर असणार की या सांगायलासुद्धा लाजतात. लखनवी घराण्यातल्यासारख्या वागतात मेल्या, मी मनात म्हणायची.

मग हळूहळू पाणी कमी व्हायला लागलं. चाराचं दोन झालं, दोनाचं एक. एका रविवारी तर एकदाही झालं नाही. मी घाबरले. सोमवारी काय सांगू? मी सरळ तीनदा झालं म्हणून सांगितलं. आता मी रविवारी मालिका पाहायचीच कमी, सोमवारी कसं सांगायचं याची मनातल्या मनात तयारी करायची. काका ताठ आडवे बसलेत, डोळे बारीक केलेत, खिशातलं वजन चाचपतायत. त्यांची नक्कल मला पाणी कमी व्हायच्या आधीपासूनच इतकी हुबेहूब साधली होती, की तेव्हा एकदा फरहाना घरी आली, तिने काकांना फाटकात उभं पाहिलं आणि सलाम करायच्या ऐवजी तोंडावर ओढणी दाबून आत पळाली. काकांनी मला विचारलं, "काय झालं हिला?" मी म्हटलं, तहान लागली असेल. ते समाधानाने म्हणाले, "मग पाणी दे की. गूळ पण दे. पहिल्यांदा आली घरी."

मालिका वर्षभर चालली. शेवटचा भाग जवळ आला तेव्हा आमचंही बिऱ्हाड हलायचं ठरलं होतं. वडिलांच्या कंपनीने शहराच्या पार पश्चिमेला, जिथे तेव्हा मोठमोठे खडक आणि कंपन्यांच्या पाट्या याशिवाय काही नव्हतं, तिथे घर दिलं होतं. शाळा तीच राहणार होती, बस मिळणार होती, त्यामुळे मला काही दुःख नव्हतं. उलट स्वतःचा टीव्ही येणार होता. शनिवारी काकांनी दार लावून शेवटचा भाग तपासला आणि बाहेर आले. काकूंनी चहा विचारला, तर "राहू दे" म्हणाले. रविवारी अकराला आम्ही सगळे बसलो. त्या मुलीच्या ग्रहाचा रस्ता उघडतो. ज्या घरात ती वर्षभर राहिली तिथली माणसं अंगणात उभी असतात, ती छतावर चढते, एकदा वळून पाहते, आणि दिवे जातात. परत येतात तेव्हा छत रिकामं. मी कोरडी ठणठणीत. माझ्या डोक्यात उद्याच्या नकलेचा शेवट चालला होता. पाणी झालंच नाही म्हणून मी काकांकडे पाहिलं, तर ते खुर्चीतून उठत होते. "पाणी," ते म्हणाले, पण आम्हाला नाही, असंच, आणि एकटेच स्वयंपाकघराकडे गेले. काकू बाहेरूनच ओरडल्या, "तुम्हाला गूळ नाही मिळायचा हां! साखर वाढलीय!" आम्ही सगळे हसलो. मीच सगळ्यांत मोठ्याने हसले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न. विद्यानगरला दिवाळीला जाऊन यायची, मग एक वर्षाआड, मग नुसता फोन. काका गेल्याचं मला महिनाभराने कळलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. घर पाडून तिथे अपार्टमेंट उठायचं ठरलं तेव्हा काकूंनी सामान वाटायला काढलं आणि मला बोलावून त्या मालिकेची वही हातात दिली. "टीव्हीची आहे. तुला आवड होती," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याकडे गूळ-पाणी घेतलं आणि वही कपाटात ठेवून दिली. तिथे ती तीन-चार वर्षं पडून होती. फरहाना असती तर तिने एका बैठकीत वाचून दाखवली असती, पण ती आता दुबईत.

परवा अफझलगंजला ग्रंथालयात कामाने गेले होते. बाहेर झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ टेबल टाकून लोकांचे उर्दू अर्ज लिहून देत बसलेले असतात. मी वही पिशवीत घेऊनच निघाले होते. माझ्या मुलीला पुढे कधीतरी सांगायला एक गंमत होईल, नक्कल तर मी तिला शिकवलीच होती. त्यांनी वही चाळली आणि "लिखावट साफ है, पुराने दफ्तर का आदमी दिखता," असं म्हणून वाचायला सुरुवात केली.

"पहली क़िस्त. लड़की छत पर अकेली. पूना वाली बच्ची रो पड़ी. बाक़ी बच्चे देखने लगे. पानी." त्यांनी पान उलटलं. "दूसरी क़िस्त. नौवें मिनट पर लड़की माँ को याद करती है. उससे पहले पानी. बीसवें मिनट पर फिर. पानी. बेगम से कहा, बच्ची को ज़रा देर रोक लेना." मग, "लड़का लड़की का हाथ पकड़ता है. कोई हर्ज नहीं." मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. ते एका सुरात वाचत होते. प्रत्येक शनिवारी आधी काढून ठेवलेले मिनिटांचे आकडे, ती मुलगी कुठे कुठे घर आठवते त्याचे. बाकी कशाचे नाहीत. त्या मालिकेत तसलं काही नव्हतंच मुळी. "बारहवीं क़िस्त. बच्ची की सहेली घर आई. ख़ुशी हुई. पानी आधा कर के देखा. ठीक रहा." "अठारहवीं. आज पानी नहीं दिया. बच्ची ने एक बार भी आँख नहीं पोंछी. वज़न बराबर."

वर्षभर त्या माणसाची खुर्ची माझ्याकडे तोंड करून होती, आणि मी त्याच्या नकलेवर मैत्रिणी मिळवल्या. आता हे सांगायला फाटकात कुणी नाही, फाटकही नाही.

"एक बाक़ी है," म्हातारे म्हणाले आणि शेवटचं पान डोळ्यांजवळ नेलं. "आख़िरी क़िस्त. लड़की अपने घर गई. पूना वाले भी अगले इतवार जा रहे हैं. बच्ची अब ठीक है. आज पानी मैंने पिया."

त्यांनी वही मिटली. हा पाण्याचा काय किस्सा आहे, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं असावं. पण माझ्याकडे पाहून टेबलाखालची सुरई काढली, पेलाभर पाणी ओतलं आणि माझ्यासमोर सरकवलं. "बैठो बेटी," म्हणाले, "जल्दी क्या है?"